तेरावी टॉर्टिया

रोझा टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, डझनावर विकते. बारा मोजून झाल्या की एक वर घालते. मेक्सिकोत तशी रीतच आहे म्हणे. आपली भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते ना, तशीच.

तीस वर्षांपूर्वी मी अमेरिकेतल्या या गावात आले, तेव्हा गिरणी बंद पडून हा रस्ता ओस पडला होता. मग मेक्सिकोची माणसं आली. दुकानांवर ठोकलेल्या फळ्या निघाल्या, शाळेचे वर्ग पुन्हा भरले.

काल रांगेत शेजारचे फ्रँक माझ्यापुढे होते. टॉर्टियांची गरम पुडी छातीशी धरून, रोझासमोरच मला म्हणाले, "या लोकांनी गाव बळकावलंय. तुम्ही निदान आमच्यासारखे राहता."

मी मान डोलावली. वर थोडी सुखावलेसुद्धा. परक्या गावात आपण जुने झालो, हे बहुधा असंच कळतं, मागून आलेल्यांवर कुणी बोट ठेवलं आणि आपली मान हलली की.

माझा नंबर आला. रोझा नेहमीसारखीच हसली. घरी येऊन पुडी उघडली.

बाराच होत्या.