बाजाराचा गुत्ता

वडझरीचा बाजार गुरुवारी भरायचा. परभणीहून पालमकडं जाणाऱ्या गाडीवाटेवरचं हे कसब्याचं गाव. पोखर्णीकडचे शेतकरी, पिंगळीच्या ठेसनावरून माल उतरवून आणणारे बागवान, भोवतालच्या वीस-पंचवीस खेड्यांतल्या बाया, सगळ्यांची त्या दिवशी इथं रीघ लागे. गावाला बलदिया मिळून दहा-बारा वर्षं झाली होती. बलदिया म्हणजे आपण आता नगरपालिका म्हणतो ती. तिच्याकडं एक कौलारू कचेरी होती, एक मुन्शी, दोन शिपाई, खांबांवरचे सात कंदील आणि एक रस्ता. तो रस्ता नाक्यापासून खडी-मुरमाचा निघायचा आणि कडुलिंबाच्या झाडापाशी येऊन संपायचा. पुढं बाजारतळापर्यंत नुसती काळी माती. पावसाळ्यात गाड्या कडुलिंबापाशीच सोडाव्या लागत, आणि बाया डोक्यावर टोपलं घेऊन पिंढऱ्या बुडतील एवढ्या चिखलातून तळावर जात.

कडूबाई त्याच वाटेनं सोळा वर्षं जात आली होती. गावाबाहेर नवरा-बायकोची चार एकर जमीन होती, त्यात एका कोपऱ्यात विहिरीवरचा भाजीचा वाफा. नवरा आश्रुबा मोट हाकायचा, कडूबाई वांगी, मेथी, मिरच्या बाजारात न्यायची. अंगानं किरकोळ, पण आवाज असा, की तळाच्या एका टोकाला तिनं भाव सांगितला की दुसऱ्या टोकाची बाई आपला भाव बदलायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. हिशोब मात्र तोंडावर.

बाजारात बसायचं तर टोपल्यामागं अर्धा आणा आणि गाडीमागं एक आणा द्यावा लागे. त्याला तहबाजारी म्हणत. ती गोळा करायचा माणिकराव गुत्तेदाराचा माणूस, आप्पाराव. अर्धा आणा घेऊन तो थांबत नसे. प्रत्येक टोपल्यातून एक मूठ उचलून मागच्या पोत्यात टाकी. मुठीचा रिवाज कुणी पाडला ते कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्या बाया तोंड फिरवून मूठ जाऊ देत.

एका श्रावणातल्या गुरुवारी आप्पाराव कडूबाईच्या टोपल्यापाशी दुसऱ्यांदा आला.

"सकाळी नेली की तुमी," कडूबाई म्हणाली.

"सकाळची मालकाची. ही माझी."

"तुमची काहून? तुमी वांगी पेरली का?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. आप्पारावाला ते हसणं झोंबलं. त्यानं पायानं टोपलं ढकललं आणि सगळी वांगी चिखलात गेली. कडूबाईनं एकही वांगं उचललं नाही. रिकामं टोपलं तसंच उचलून ती थेट बलदियाच्या कचेरीत गेली.

मुन्शी किशनराव हा गृहस्थ मोठा सावकाश बोलणारा. उर्दू कागदात बुडालेला असायचा, पण माणूस सरळ होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"बाई, मूठ घेणं चूक आहे. मी सांगून बघतो. पण वर्षभरासाठी बाजार आम्ही त्याला दिलेला आहे. दर साली हर्रास होते. जो जास्त बोलतो त्याला गुत्ता. त्यानं बलदियाला ठरलेली रक्कम भरायची आणि तहबाजारी त्यानं गोळा करायची. वर जे राहील ते त्याचं."

"अन् तुमाला किती देतो तो?"

"दोनशे चाळीस. नऊ सालांपासून दोनशे चाळीसच."

"नऊ सालांत बाजार दुप्पट झाला की!"

"त्याच्यावर कोणी बोलतच नाही. व्यापारी आधीच आपसांत ठरवून येतात." किशनरावानं खिडकीतून कडुलिंबाकडं बोट केलं. "त्या पैशात कंदिलांचं तेल आलं, झाडणारे आले, विहिरीचा गाळ आला. वाचेल तेवढ्यात रस्ता. तो तिथंच का थांबलाय, आता कळलं ना?"

कडूबाईनं खिडकीतून कडुलिंबाकडं पाहिलं. मग म्हणाली, "हर्राशीत कोण बोलू शकतं?"

"पन्नास रुपये अनामत ठेवील तो."

"बाई?"

किशनरावानं आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग उठून फडताळातून कायद्याचं पुस्तक काढलं, दोन-तीन पानं उलटली आणि परत ठेवून दिलं. "बाई नको असं कुठं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटल्यासारखा चेहरा झाला होता.

पाऊस उघडल्यावर एका गुरुवारी कडूबाई भाव सांगायचं सोडून तळभर फिरली. टोपल्या भरल्या दोनशे अकरा, गाड्या सदतीस. घरी आश्रुबानं ओसरीवर ज्वारीचे दाणे मांडले. तो बोलायचा कमी, पण मोटेच्या फेऱ्या मोजून मोजून त्याला मांडणीची सवय झाली होती. उघडिपीचे महिने एका बाजूला, पावसाळ्याचे निम्मे धरून दुसऱ्या बाजूला.

"पावणेचारशाच्या वर जाऊ नको," तो म्हणाला. "त्याच्या वर गेलीस की घरातून घालावं लागंल."

"अन् मूठ?"

"मूठ तर तू घेणारच न्हाईस ना?"

अनामतीचे पन्नास रुपये बायांनी जमवले. मसाला विकणारी वच्छलाबाई पुढं झाली. सोळा वर्षं दोघींची पोती शेजारी शेजारी अंथरलेली. वच्छलाबाईनं लुगड्याच्या गाठीतून एकटीनं दहा रुपये काढून दिले. "आपला बाजार आपल्या हाती येऊ दे, कडू," ती म्हणाली.

हर्रास कचेरीच्या अंगणात झाली. बलदियाचे मेंबर खुर्च्यांवर, बाकी गाव उभं. किशनरावानं नेहमीसारखी सुरुवात केली. माणिकराव नेहमीसारखा म्हणाला, "दोनशे चाळीस."

"अडीचशे," मागून आवाज आला.

माना वळल्या. कुणीतरी हसलं. माणिकरावाला आधी वाटलं चेष्टाच आहे. पण किशनरावानं रक्कम मोठ्यानं उच्चारून कागदावर घेतली, तेव्हा तो सावरून उभा राहिला. दोनशे साठ. तीनशे. तीनशे चाळीस. बाया एकमेकींचे पदर धरून उभ्या होत्या. पावणेचारशाला कडूबाई क्षणभर थांबली. आश्रुबा समोरच्या भिंतीला टेकून खाली बघत होता.

"तीनशे ऐंशी," माणिकराव म्हणाला, आणि कडूबाईकडं न बघता मेंबरांकडं बघून हसला. "बायकांना वांगी तोलू द्या म्हणावं."

त्या हसण्यानं कडूबाईच्या डोक्यातले ज्वारीचे दाणे विस्कटले. ती पुढं बोलत गेली. चारशे त्यानं म्हटलं, तर तिनं चारशे एक. आणि तिथं माणिकराव एकदम थांबला. दोन्ही हात जोडून म्हणाला, "घ्या, बाई. करा आता गोळा."

दोघं घराच्या वाटेला लागली. शेताच्या बांधावर आल्यावर आश्रुबा म्हणाला, "सव्वीस रुपये जास्तीचे झाले."

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

पहिल्या गुरुवारी कडूबाई कमरेला पिशवी बांधून तळावर उतरली. तिला वाटलं होतं बाया आनंदानं देतील. परगावच्यांनी दिलेही. पण अनामतीला हातभार लावलेल्या बाया तिच्याकडं बघून गोड हसत आणि दुसरीकडं वळत. वच्छलाबाईपाशी ती आली तेव्हा वच्छलाबाई खरंच चकित झाली.

"माझ्याकडनं बी घ्यायलीस?"

"सगळ्यांकडनं घ्यायलेय, वच्छला."

"दहा रुपये दिले ते कशाचे मग?"

"ते अनामतीचे. साल संपलं की वापस मिळतील. हे जागेचे."

वच्छलाबाईनं अर्धा आणा पोत्यावर टाकला, तिच्या हातात दिला नाही. पुढच्या गुरुवारी तिनं पोतं उचललं आणि तळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिथून पुढं कधी द्यायची, कधी नाही. तिचं बघून आणखी दहा-वीस जणी तशाच. कडूबाईला त्यांच्याशी भांडताही येईना आणि सोडूनही देता येईना. आप्पारावाला सगळे भीत होते, म्हणून त्याला कुणी नाही म्हणत नसे. तिला कुणी भीत नव्हतं. ही गोष्ट तिला त्या हिवाळ्यात पुष्कळदा आठवे, आणि दर वेळी तिचा अर्थ नीट लागत नसे.

गुत्त्याच्या तीन हप्त्यांपैकी दोन तिनं वेळेवर भरले. होळीनंतर कडुलिंबाच्या पुढं काम सुरू झालं. बलदियाला यंदा दीडशाच्या वर रुपये नवे मिळणार होते. ते मेंबरांनी दुसरीकडं वळवू नयेत म्हणून किशनरावानं ठराव करून रस्त्याच्याच नावे बांधून टाकले होते. वडारांच्या पाच-सहा झोपड्या तळाच्या कडेला पडल्या. बाया-माणसं दिवसभर खडी फोडत. कडूबाई येता-जाता तिथं थांबे. पारूबाई नावाच्या वडारणीशी तिची ओळख झाली. पारूबाई दगड हातात घेऊन फिरवायची, त्याची शीर बघायची आणि एकाच घावात दोन तुकडे करायची.

"रोजचं किती मिळतं?" कडूबाईनं विचारलं.

"तीन आणे. बाजारच्या पैशातून देतेत म्हणं."

सहा टोपल्या, कडूबाईच्या मनात आलं. सहा टोपल्या बसल्या की हिचा एक दिवस.

मग उन्हाळ्यात पटकीची साथ आली. चार गुरुवार बाजार बंद ठेवायचा हुकूम निघाला. तिसरा हप्ता तोंडावर आलेला, आणि कडूबाईच्या पिशवीत निम्मेच पैसे. ती कचेरीत गेली.

"माफीचा अर्ज देता येतो," किशनराव म्हणाला. "बाजार बंद होता, मेंबरांची मजलिस मंजूर करील. माणिकरावाला तीनदा दिलेली आहे. कधी साथीची, कधी दुष्काळाची."

कडूबाईचा जीव भांड्यात पडला. "मग लिहा."

त्यानं कागद घेतला, दौतीत टाक बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "लिहितो. पण तुम्हाला आधी सांगितलेलं बरं. मुरूम टाकायचा राहिलाय. माफी झाली की मुरूम थांबला. नुसती खडी पावसात राहिली तर मातीत जाते. मागं दोनदा असंच झालंय, कडुलिंबाच्या पुढंच. खणलं तर खाली सापडेल अजून."

तिनं अर्ज लिहवून घेतला नाही. विचार करते म्हणाली आणि निघाली. रस्त्याच्या कडेला खडीच्या ढिगावर बसून राहिली. तिनं बाजार घेतला होता तो रस्त्यासाठी नव्हे. तो मुठीसाठी घेतला होता, चिखलातल्या वांग्यांसाठी, आणि शेवटी तर एका माणसाच्या हसण्यासाठी. रस्ता त्यातून आपोआप निघाला होता, आणि आता तोच तिच्या गळ्यात पडला होता. मातीखाली गेलेल्या त्या जुन्या खडीचा विचार तिच्या डोक्यातून जाईना. कुणाकुणाचा अर्धा आणा असेल तो, तिचाही असेल.

साथ ओसरून बाजार भरला त्या दिवशी ती ढिगावर उभी राहिली आणि भाव सांगायच्या आवाजात बोलली.

"आयका! ह्यो रस्ता तुमच्या अर्ध्या आण्याचा हाय. मी माफी मागितली तर मला सुटका हाय, पण मुरूम पडायचा न्हाई. मी मागायली न्हाई. ज्यांनी दिलं न्हाई त्यांनी द्यावं. न्हाई दिलं तरी मी हात धरणार न्हाई."

लय मोठं काही घडलं नाही. काही बायांनी मागचं-पुढचं मिळून आणा-दोन आणे आणून दिले. एका बागवानानं रुपया दिला. वच्छलाबाई तिखट पाखडत राहिली. जे कमी पडलं, त्यासाठी आश्रुबानं कालवड विकली. कडूबाईनं त्याला सांगितलं नव्हतं. तोच सकाळी उठून दावं सोडून घेऊन गेला, आणि दुपारी पैसे आणून तिच्यापुढं ठेवले.

मुरूम पडला. रस्ता बाजारतळाच्या तोंडापर्यंत आला. बलदियाच्या विहिरीपर्यंत जायचा होता, तेवढा पुरला नाही. आषाढात पहिल्यांदा पोखर्णीची गाडी माल न उतरवता सरळ तळावर आली. गाडीवानानं त्याची काही विशेष दखल घेतली नाही. तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

नव्या सालाच्या हर्राशीत बोली चारशाच्या खाली सुरूच झाली नाही. बाजाराची किंमत आता सगळ्या गावाला कळली होती, आपसांत ठरवायला काही उरलं नव्हतं. कडूबाईच्या अर्जावरून दोन नव्या अटी वाचून दाखवल्या गेल्या: पैसे घेतले की पावती द्यायची, आणि मालाला हात लावायचा नाही. माणिकरावानं चारशे पंचवीसला गुत्ता घेतला. शेवटची हाक देण्याआधी किशनरावानं मागं उभ्या कडूबाईकडं पाहिलं होतं. तिनं नको म्हणून मान हलवली होती. आश्रुबानं या वेळी दाणे मांडले नव्हते. त्याची गरजही पडली नव्हती.

अनामत परत मिळाली तशी ती जिची तिला देत फिरली. वच्छलाबाईपाशी शेवटी गेली. दहा रुपये पोत्यावर ठेवले. वच्छलाबाईनं ते मोजले, गाठीला बांधले आणि बाजूला सरकून जागा केली. कडूबाई बसली.

"तूच घ्यायचा होतास औंदा बी," वच्छलाबाई म्हणाली. "मी दिलं असतं."

"मग गेल्या साली काहून दिलं न्हाईस?"

वच्छलाबाईनं थोडा विचार केला. "गेल्या साली तू घरची वाटलीस," ती म्हणाली. "घरच्याला कोण जागेचे पैसे देतं?"

समोर गिऱ्हाईक उभं होतं, हळद मागत होतं. वच्छलाबाईनं तराजू उचलला आणि कडूबाईनं पुड्यासाठी पान पुढं केलं.