काकाजींचा नकार

काकाजींना 'नाही' म्हणता येत नसे. म्हणजे अजिबातच नसे. लकडगंजात त्यांचं लाकडाचं दुकान. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायचं, "घ्या नं काकाजी!" आणि दिवसाकाठी किती चहा पोटात जायचे, देव जाणे.

माझी नि त्यांची ओळख डायलिसिसची. आमची यंत्रं शेजारी शेजारी. चार तास नुसतं पडून राहायचं, गप्पांशिवाय दुसरं काय करणार? डॉक्टर बजावून बजावून थकले होते : मूत्रपिंडं कामातून गेली की अंगात पोटॅशियम साठतं, आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. म्हणून टमाटे नको, संत्री नको, शहाळं तर मुळीच नको. नागपुरात राहून संत्री नको म्हणे! काकाजी मान डोलवायचे. डॉक्टरांनाही त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

पण सावनेरहून त्यांच्या विहीणबाई भेटायला यायच्या. काकाजींची एकुलती एक लेक त्यांच्या घरी दिलेली. बाई मायाळू, पण आग्रह म्हणजे शिक्षाच! एकदा नंबर लागायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो, तर बाईंनी पिशवीतून दोन शहाळी काढली.

"आजारी माणसाले याच्यापेक्षा चांगलं काही नाही जी."

मी डोळे वटारले. काकाजींनी दोन्ही शहाळी संपवली, वर मलईही खाल्ली.

यंत्राला जोडेपर्यंत त्यांचे पाय लुळे पडले. पडद्यावर ठोके रखडू लागले, मधेच एखादा गडप. एकच पळापळ, इंजेक्शनं! वाचले कसेबसे. डॉक्टरांनी खडसावून विचारलं, तर हे गृहस्थ म्हणतात, "मीच आणाले सांगतलं होतं."

मी भडकले. "जीव जात होता तुमचा! तोंड शिवलं होतं का?"

"बाई, विहिणीले नाही म्हणलं तं पोरीले ऐकावं लागते."

"आणि तुम्हीच गेलात तर पोरीला माहेर कुठलं?"

त्यावर काकाजींनी चादर तोंडावरून ओढून घेतली. नर्सने घाबरून दोनदा नाडी पाहिली.

पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा हजर. डब्यात टमाट्याचं सार. काकाजींचा एक हात नळ्यांत अडकलेला; दुसरा त्यांनी कपाळाला लावला. घाम फुटला होता बिचाऱ्यांना.

"विहीणबाई... नाही."

"काहून जी? माह्या हातचं चालत नाही का आता?"

"तुमच्या हातचं जहरही चाललं असतं. पण हे प्यालो तं हार्ट बंद पडते माहं. मांगं शहाळ्यानं तेच होऊन राहिलं होतं."

मी मनात म्हटलं, झालं, आता पोरीचं काही खरं नाही! आणि बाई रडायलाच लागल्या.

"मंग तवाच बोलाचं नं! मी तुमाले मारून राहिली होती अन् तुम्ही मलाई खाऊन राहिले होते?"

डोळे पुसून त्यांनी तो डबा माझ्यापुढे केला. अहो, मीही पेशंटच की!

त्यानंतर काकाजींना नाही म्हणायची चटकच लागली. पंखा वाढवू? नाही. टीव्ही लावू? नाही. मला म्हणायचे, "बाई, लय मजा येऊन राहिली."

गेल्या हिवाळ्यात त्यांचे ठोके पुन्हा चुकू लागले. या वेळी खाण्यापिण्याचा दोष नव्हता. हृदयच थकलं होतं. व्हेंटिलेटरवर ठेवू का, असं डॉक्टरांनी विचारलं. काकाजींनी मान हलवली. नाही. लेक त्यांच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडत होती, "बाबा, हो म्हणा नं!"

विहीणबाईंनी तिला उठवून पोटाशी धरलं. "नको वं. किती मुश्किलीनं नाही म्हणणं शिकले ते. आता ऐकू आपण."