दूध उतू जाईल म्हणणारा आवाज

मी चौथी शिकलेली बाई. भूत-भानामती मी मानत नाही. कुणाच्या अंगात आलं, तर सरळ तोंडावर पाणी मारते. त्यामुळे हे लिहून पाठवताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

आमचं गाव तेलंगणात, तामसी मंडलात, आदिलाबादच्या बसरस्त्यावर. गावातली नाटकं मी बसवते. आमची पोरं तेलुगू शाळेत शिकलेली — मराठी बोलतात, वाचता येत नाही. म्हणून मी वाक्य म्हणायचं, त्यांनी माझ्यामागून म्हणायचं. प्रयोगाला मी विंगेत उभी राहते. कुणी अडलं की शब्द पुरवते.

गेल्या संक्रांतीला पहिल्यांदाच बाईचं काम बाईनं केलं. आमच्या गल्लीतली सून, सुनीता. एरवी बाप्येच मिशा काढून लुगडं नेसत. तिच्या सासूनं, गंगाबाईनं, मला आधीच बजावलं होतं, "एक डाव करू दे. मंधात अडली, का मंग घरातच. नाटकाचं नाव नाही घ्याचं."

प्रयोग दुपारी, देवळापुढच्या मंडपात. नेमकी त्याच सकाळी माझी दाढ अशी ठणकली, की आदिलाबादला जाऊन काढावी लागली. तोंड बधिर, गालात कापूस. परतीची बस वाटेत बंद पडली. बसल्या बसल्या डोक्यात शेवटचा प्रवेश घोळत होता. घरातून हाकललेली बायको जाता जाता म्हणते, "माझ्या लेकरांना सांभाळा." मला ते फार रडकं वाटायचं. तिथं बसमध्ये सुचलं — तिनं एवढंच म्हणावं, "चुलीवर दूध आहे. पाहा, उतू जाईल." सांगणार कुणाला? तोंड उघडत नव्हतं.

पोचले तेव्हा नाटक संपून माणसं उठत होती. सुनीता तोंडाचा रंग तसाच ठेवून धावत आली.

"मावशी, शेवटी तं मी अडलीच होती! तुमी विंगेतून दुधाचं सांगतलं म्हून निभलं. पण ऐन टायमाले बदललं काऊन?"

तेवढ्यात गंगाबाई आलीच.

"काऊन वं, किती मोठ्यानं सांगतं तू? पार मागं बसून आमाले ऐकू आलं! माह्या सुनेले येत नाही का?"

मी बसमध्ये होते म्हटलं असतं, तर भुताचा आवाज समजून तिनं सुनीताला पुन्हा मंडपाकडे फिरकू दिलं नसतं. मी कापूस काढला आणि कसंबसं म्हटलं, "पुढच्या डावाला हळू सांगीन."

"सांगूच नको. समोर येऊन बस. माही सून म्हणते बरोबर."

आवाज माझाच होता, असं दोघी आजही म्हणतात. जे वाक्य मी तोंडातून काढलंच नव्हतं, ते विंगेतून कोणी सांगितलं?

यंदा सुनीताला मोठं काम दिलंय. मी समोर बसणार आहे, गंगाबाईशेजारी. नजर विंगेकडे जाईल... त्याला इलाज नाही.