लाल चिंध्यांची वाट

भिवंडीत शुक्रवारी कापड विणणारे लूम बंद असतात. बाकीचे शेठ त्या दिवशी उशिरापर्यंत लोळतात, जुम्म्याच्या नमाजेला जातात, बिर्याणी खातात आणि परत लोळतात. मी डोंगर चढतो. निजामपुऱ्याच्या गल्लीत सहा दिवस लूमचा खडखडाट ऐकल्यावर कानांना काहीच ऐकू न येण्याची चैन लागते. घरचे म्हणतात, डोकं फिरलंय. फिरलंच असेल, मला त्याचा त्रास होत नाही.

माझ्याबरोबर आमच्या कारखान्याचा जॉबर येतो, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा मिस्त्री, आणि त्याच्या नादाने सहा-सात कारागीर. दिघाशी गाव मागे पडलं की थोड्या वेळात रान सुरू होतं, फोनची रेंज जाते, आणि तासभर चढलं की वर पंधरा घरांचा एक पाडा लागतो. तिथल्या एका आजीच्या ओट्यावर बसून आम्ही पाणी प्यायचो आणि शिव्या खायचो. "कापडाचा शेट, आन अंगावर फाटका शर्ट," हे तर दर शुक्रवारी ठरलेलं होतं.

मागच्या पावसाळ्यात मधली चढण खचली. दिवाळीच्या सुमारास त्याच चढणीवर आजी घसरली आणि तिचा पाय मोडला. पाड्यातल्या लोकांनी तिला झोळीत घालून खाली आणलं, तेव्हापासून ती दिघाशीत लेकीकडे होती. पाय जुळला, काठी घेऊन अंगणात फिरू लागली, पण घरी कशी जाणार? मी म्हणालो, "आजी, झोळीतून नेतो ना वर."

"मेल्यावर न्या झोळीतून. जित्ती हाय तवर पायानं जाईन."

पुन्हा पाऊस लागला की ती वाट चार महिने बंद. म्हणजे आमच्या हातात उन्हाळ्याचे शेवटचे काही शुक्रवार होते. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की वाट मी बांधून देतो. कोणी विचारलंही नव्हतं. मला मोठ्याने जाहीर करायची जुनी सवय आहे, आणि नंतर पस्तावण्याचीही.

बेत झकास होता. खालून माझे लूमवाले दगडांच्या पायऱ्या लावत चढतील, वरून पाड्याचे लोक खोदत उतरतील, आणि मध्ये भेट. वरच्या टोळीचा म्होरक्या होता पाड्याचा कारभारी, अत्यंत कमी बोलणारा माणूस. फोन चालत नसल्याने मी शिट्टी विकत घेतली. पहिल्या शुक्रवारी ती इतकी वाजवली की जॉबर म्हणाला, "सेठ, माकड भाग गए, अब बस करो."

त्याच्या आदल्या शुक्रवारी मी एकटा जाऊन खुणा करून ठेवल्या होत्या. आमच्याकडे कापड तपासताना जिथे दोष सापडतो तिथे काठाला रंगीत दोरा बांधतात. तो दोरा दिसला की पुढच्या माणसाला काही सांगावं लागत नाही, इथे खराबी आहे, काढा. मी एक वाया गेलेला लाल तागा फाडला आणि वाटेत आडवं येणारं प्रत्येक झुडूप, प्रत्येक वाळका बुंधा यांना चिंध्या बांधल्या. कारभाऱ्याला फक्त एवढंच म्हणालो, "खुणा केल्यात, बघून घ्या." तो म्हणाला, "बघतो." मला वाटलं, झालं काम.

तिसऱ्या शुक्रवारी आम्ही पायऱ्या लावत ठरल्या जागी पोचलो. कपाळावरून घाम गळत होता, छाती अभिमानाने फुगली होती. वर पाहिलं तर वाट नाही. गच्च रान. माझ्या लाल चिंध्या जिथल्या तिथे, एका काडीला कोणी हात लावलेला नाही. जॉबर झाडावर चढला आणि हसायलाच लागला. "सेठ, ऊपरवाले तो उधर निकल गए." कुदळींचा आवाज खरोखरच डावीकडून, दीडशे पावलांवरून येत होता.

माझं डोकं सणकलं. झाडीतून सरपटत, ओरबाडून घेत मी तिकडे गेलो आणि कारभाऱ्याला म्हणालो, "खुणा दिसल्या नाहीत का तुम्हाला?"

"दिसल्या की," तो शांतपणे म्हणाला. "समद्यास्नी पाया पडून पुढं आलो."

आणि मग त्याने समजावून सांगितलं. पाड्यात झाडाला लाल कापड बांधलं म्हणजे तिथे देव बसवला. त्याला कुऱ्हाड लावायची नाही, त्याला वळसा घालायचा. शेटने एका दिवसात बावीस देव बसवले, याचं त्यांना नवल वाटलं होतं, पण शेट भाविक माणूस दिसतो म्हणून कोणी काही बोललं नाही. एका वाळक्या निवडुंगापुढे तर नारळही फुटला होता. आधी माझ्यामागून आलेला जॉबर हसला, मग कारभारी, ज्याला मी आजवर हसताना पाहिलं नव्हतं, आणि मग मी पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मी, एका अल्लाहला मानणारा, बावीस देवांचा बाप झालो होतो.

तेवढ्यात लेकीच्या खांद्यावर हात ठेवून आजी खालच्या पायऱ्यांशी आली. काम बघायला आली होती. मी धावत खाली गेलो आणि ऐटीत पायऱ्या दाखवल्या, नाकासमोर सरळ, एकसारख्या. तिने काठी टेकली, चार पायऱ्या चढली, पाचवीला तिचा पाय थरथरला आणि ती बसली.

"ही तुमची वाट हाय," ती म्हणाली. "माझी न्हाय."

माझं हसू तिथेच विरलं. तीन शुक्रवार मी स्वतःच्या गुडघ्यांसाठी वाट बांधत होतो, तिच्या पायाचा विचारच केला नव्हता. लाज वाटली, खरंच वाटली. तेव्हा कारभारी माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "वरची वाट बघा चालून."

मी चाललो. देवांना वळसे घालत घालत ती वाट कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात इतकी हळू उतरत होती की उतार आहे हे पायाला कळतही नव्हतं. तीनदा खाली-वर करून पाहिलं, एकदाही दम लागला नाही.

चौथ्या शुक्रवारी आम्ही आमच्या पायऱ्या उखडल्या. जॉबरने कुरकुर केली, मग स्वतःच वळणं कुठे घ्यायची ते सांगू लागला. या वेळी खुणा कारभाऱ्याने केल्या, चुन्याने, आणि दोन्ही टोळ्या एका टोकाने एकत्रच चालल्या. शिट्टी मी घरी ठेवली होती.

पाचव्या शुक्रवारी आभाळ भरून आलं होतं. आजी सकाळीच निघाली. कोणाचा हात धरला नाही. आम्ही तिच्या मागे एका रांगेत, लूमवाले, पाड्यातले, लेक, सगळे श्वास रोखून. प्रत्येक वळणावर ती थांबायची, मागे बघायची आणि पुढे जायची. दुपारी ती स्वतःच्या ओट्यावर पोचली. कोणीतरी पाणी दिलं, आम्ही सगळे जिथे जागा मिळाली तिथे लोळलो, आणि मला इतका आनंद झाला होता की मी उगाचच एकेकाला मिठी मारत सुटलो.

मिठ्या मारून झाल्यावर ओट्याकडे पाहिलं तर आजी नव्हती. घरात नव्हती, मागे परसातही नव्हती. घाबरून वाटेकडे धावलो. ती काठी टेकत खाली उतरत होती, पहिलं वळण पार करून.

"आजी, कुठे निघालात? आत्ताच तर आलात."

"कुठं न्हाय," ती मागे न बघता म्हणाली. "त्या वळणापातूर जाते नि येते. सात म्हैने कुणाला तरी इचारून उठत व्हते."