पेवातला महापूर

सोलापूर सोडलं तेव्हा शेजारच्या हमीदाखाला खुशीत होत्या. १९४८ साली, हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांची घरं जळली, माणसं कापली गेली, तेव्हा उमरग्याजवळच्या एका लिंगायत घरानं तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या खालांना आईसकट पेवात (धान्य साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यात) लपवलं होतं. त्या घरात आता गावच्या समितीनं छोटं संग्रहालय केलंय, आणि खालांना सत्काराला बोलावलंय. सोबतीला मी.

उमरग्याला रिक्षावाल्यानं भलत्याच फाट्यावर उतरवलं. तुरीच्या रानातून उन्हात पायपीट. मी त्याला शिव्या घालत होते, खाला मात्र भराभर चालत होत्या.

घरमालक शांतप्पा हात जोडून पुढं आले. आधी हुग्गी (गव्हाची खीर) खायला घातली, वर तुपाची धार. मग खोली दाखवली. काचेआड त्यांच्या आजीचं सूप, मधोमध पेवाचं तोंड.

"आज्जी ह्याच्यावर घोंगडं टाकून जोंधळा पाखडत बसली. लई दरडावलं, पर हलली न्हाय."

खालांनी वाकून दगडाला हात लावला आणि रडू लागल्या. तेवढ्यात मी भिंतीवरची पाटी वाचली: 'महापुरात सापडलेल्या शेजाऱ्यांना या घरानं आश्रय दिला.'

डोकंच फिरलं माझं. "अप्पा, या माळावर कसला महापूर? आणि पुरात माणसं जमिनीखाली लपतात?"

ते खाली बघत म्हणाले, "ताई, तवा ज्यांनी मारलं त्यांची नातवंडं समितीत हायेत. आमाला गावात ऱ्हायचंय. कशाला उगाच?"

उगाच!

"काय लिव्हलंय, बेटी?" खालांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले.

"माझे अब्बा पुरात न्हाय वाहून गेले, अप्पा. चावडीपुढं तोडलं त्यांना. आन् पाण्यातनं कुनीबी वढून काढतं. तुमची आज्जी कुऱ्हाडींपुढं बसली व्हती. तिचं धाडसबी बुडवलं का तुमी?"

इतक्यात समितीचे अध्यक्ष शाल घेऊन आले, मागं फोटोवाला. खालांनी शाल हातात घेतली, पाटीपाशी गेल्या आणि अक्षरं झाकून टांगली.

"आता काढा फोटो."

कुणी काढला नाही.

परतीच्या एसटीत मी धुमसत होते. वाचवणाऱ्यांचे सत्कार हवेत, मारणाऱ्यांचा विषय निघाला की खापर पावसावर! "पुन्हा पाऊल ठेवायचं नाही त्या गावात," मी म्हणाले.

"मी येनार," खाला म्हणाल्या. "पाटी बदलंपर्यंत दरसाल येनार."

खालांनी ऐंशी ओलांडलीय. म्हातारी किती वर्षं येईल, असा हिशेब समितीनं केलाच असेल. त्यांना इथूनच सांगते: खाला नाही आल्या, तर मी येईन.