रूपरावांचं चौथं कडवं

आमच्या खंजिरी भजन मंडळाचे गायक रूपराव. गाव कारंजा घाडग्याजवळ, शेती बेताची, आवाज मात्र खणखणीत. मी पेटी वाजवतो, म्हणजे त्यांचं सगळं मलाच सहन करावं लागतं. माणूस सोन्यासारखा, पण रियाजाची एक खोड भारी. जरा कुठे चुकलं की खंजिरीवर थाप मारून म्हणायचे, "हं, पयल्यापासून!" चूक बहुधा तिसऱ्या कडव्यात व्हायची. त्यामुळे पहिली दोन कडवी गोठ्यातल्या म्हशीलाही पाठ होती आणि चौथं कडवं गावात कुणी धड ऐकलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी जाम गावाजवळ, नेमकी त्यांच्या सासुरवाडीला, भजन स्पर्धा झाली. पहिल्या रांगेत सासरे प्रभाकरराव. त्यांना जुनाट खोकला. एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. तो तिसऱ्या कडव्याशी सुरू झाला, रूपराव अडखळले आणि भर मंचावर, माइकसमोर म्हणाले, "हं, पयल्यापासून!" आम्हीही सवयीचे गुलाम. सगळ्यांनी इमानदारीत पुन्हा पहिलं कडवं धरलं. वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा आम्ही दुसऱ्यात होतो.

"जवाईबापू, तुमच्या भजनाले शेवट असते का नाई?" प्रभाकररावांनी सगळ्यांदेखत विचारलं.

मंडप हसला. रूपराव हसले नाहीत. "मी आता तथी पाय ठेवत नाई," म्हणाले, आणि खरंच ठेवला नाही. दिवाळीला त्यांची बायको छायाताई एकट्याच माहेरी जाऊन आल्या. आई-बाप दारात येऊन मागे कोण आहे ते बघत होते, हे सांगताना त्यांचे डोळे भरले. मला तर रूपरावांचा रागच आला.

यंदा पुन्हा आमंत्रण आलं. रूपराव नाही म्हणायच्या आत छायाताईंनी फोनवर हो सांगून टाकलं आणि रियाज स्वतःच्या हाती घेतला. त्या अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवतात. अडलेल्याला पुढे ढकलायची त्यांना सवय.

"चवथ्या कडव्यापासून धरा."

"उलटं काऊन?"

"शेवट पक्का असला का माणूस पुढं जायले भेत नाई. अन् चुकलं तरी थांबू नोका. तुमी गायचा नाई, थांबायचा रियाज करून राह्यले!"

मग गोठ्यासमोर बाज टाकून त्या बसायच्या आणि तिसरं कडवं आलं की हुबेहूब बापासारख्या खोकायच्या. रूपराव आधी दचकायचे, मग चिडायचे, पुढे पुढे तर त्या खोकल्यावरच त्यांची थाप पडून कडवं पुढे सरकायला लागलं. शेजारच्या विमलाबाईंनी काळजीने काढा आणून दिला. छायाताई तो मुकाट्याने प्यायल्या आणि पुन्हा खोकल्या.

स्पर्धेच्या दिवशी प्रभाकरराव पहिल्या रांगेत होतेच. पहिलं कडवं छान झालं, दुसरं त्याहून छान. तिसऱ्याशी रूपरावांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे शांत. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या औषधाने त्यांचा खोकला नुकताच साफ गेला होता, आणि हे त्यांनी लेकीलाही कळवलं नव्हतं! रूपराव वाट बघत राहिले. हात खंजिरीच्या वर तसाच. "हं" ओठांपर्यंत आला. मी पेटीचा सूर ओढत देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने खोकला आला. अस्सल, घराण्याचा.

थाप पडली. तिसऱ्या कडव्यातला एक शब्द गेला, तो रूपरावांनी जाऊ दिला, आणि चौथं कडवं असं काही गायले की अख्खा मंडप टाळ्यांचा ठेका धरून बसला. बक्षीस दुसऱ्याच मंडळाला मिळालं, पण तिकडे आमचं लक्षच नव्हतं.

रूपराव सासऱ्यांच्या पाया पडले. म्हाताऱ्याने त्यांना उठवून जवळ घेतलं. "भेटला बाप्पा शेवट! दिवाळीले दोघंबी येजा." मग लेकीकडे वळून म्हणाले, "अन् छाये, तुले हा खोकला कवा लागला वं? माह्यं औषध उरलं आहे, घेऊन जाजो."

रूपरावांनी घाईघाईने दोन्ही हात जोडले. "नोको मामाजी! तिचा खोकला राहू द्या. मले लागते तो."