चित्रापुढे माणसे थांबविणारे केशवराव मास्तर

केशवराव मास्तरांची आणि माझी पहिली भेट कारंज्यातल्या एका लग्नात झाली. मी मंगरूळपीरच्या बँडात सॅक्सोफोन वाजवीत असे. दुपारच्या पंगती चालल्या होत्या आणि आम्ही बँडवाले मांडवाबाहेर लिंबाखाली आमच्या पानांची वाट पाहत होतो. भुकेचा विसर पडावा म्हणून मी एकटाच सारंग वाजवीत बसलो. तेवढ्यात एक गृहस्थ पंगतीतून उठून, खरकटा हात तसाच, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कोटाच्या बाहीला निळा रंग लागला होता.

"हेच यापेक्षा सावकाश वाजवता येते का तुमाले?"

"येते ना, साहेब. पन सावकाश वाजवलं त वरात पुढं कशी जाईन?"

"मले वरात पुढं न्यायची नाई. लोकायले एका जागी थांबवायचं हाये."

जन्मात प्रथमच मला कोणी 'तुमाले' म्हटले. नाहीतर 'ए बाजेवाले' एवढीच आम्हाला हाक. माझा घास घशातच अडकला असता, पण पान अजून वाढले नव्हते.

मास्तर कारंज्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवीत. मुंबईच्या चित्रशाळेत असताना युरोपातल्या जुन्या पठडीच्या चित्रकारांच्या छापील प्रती त्यांनी पाहिल्या आणि प्राचीन काळाचे त्यांना वेडच लागले. रोमच्या संगमरवरी पायऱ्या, ग्रीस देशातल्या विहिरीवरच्या बाया, इजिप्तच्या राणीची नावेतून निघालेली प्रेतयात्रा. आणि त्याच पद्धतीने आपल्या वाशीमचा, म्हणजे जुन्या वत्सगुल्माचा, राजदरबार. एकेक चित्र पुरुषभर उंच. रोम त्यांनी पाहिले नव्हते. संगमरवराची ओली चमक साधेना, तेव्हा महिनाभर रोज सकाळी ते कारंज्यातल्या जैन मंदिराच्या फरशीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांची प्रतिबिंबे पाहत राहिले. "मास्तर, देवाकडं पाठ करून कायले बसता?" असे पुजाऱ्यांनी विचारले. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी तोंड फिरवले, बैठक मात्र सोडली नाही.

त्यांचे दुःख एकच होते. पान लावायला लागतो तितका वेळही लोक चित्रापुढे थांबत नसत. 'झकास हाये' म्हणत आणि चालू लागत. मास्तरांनी यावर तोड काढली ती अशी, की प्रत्येक चित्रापुढे एक वादन व्हावे, आणि ते संपेपर्यंत पाहणाऱ्याने हलू नये. आमच्या बँडचे उस्ताद पलटणीच्या बँडात नोकरी केलेले होते. पलटणीतले कागदावर लिहिलेले संथ, गंभीर विलायती संगीत आणि आपले राग, दोन्ही त्यांनी मला शिकविले होते. ते सगळे घेऊन मी दर रविवारी मास्तरांकडे जाऊ लागलो. पायऱ्यांना विलायती संगीत बसले, विहिरीला सारंग. राणीच्या नावेसमोर मी एकदा उत्साहाने तान घेतली, तर मास्तरांनी हात वर केला.

"महादेवराव, नाव हालली. राणीले पोचवायची घाई कोनालेच नाई."

उस्तादांनी शिव्या देऊन जे शिकविले नव्हते, ते मी त्या एका वाक्याने शिकलो.

माझे वडील आसेगावचे, भाजीपाल्याचा मळा करणारे. पोरगा लग्नात बाजा वाजवतो म्हणजे घराचे नाक कापले गेले, असे ते चारचौघांत म्हणत. मास्तरांविषयी त्यांचे मत याहून बरे नव्हते. "तो रंगारी अन् तू वाजंत्री, चांगली जोडी जमली बाप्पा!" एवढे बोलून ते पुन्हा वांग्यांच्या वाफ्यात शिरत.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला आजही जड जाते. कारंज्यातल्या एका धनिक शेठजींनी नवी माडी बांधली होती. कार्यक्रम मनास आला तर वरचा दिवाणखाना चित्रांसाठी कायमचा देऊ, असा त्यांनी शब्द दिला. मास्तरांच्या भाड्याच्या घरात ओल होती, भिंतीतून वाळवी निघत होती. हा दिवाणखाना मिळाला तर चित्रे जगणार होती, नाहीतर नाही. आम्ही नऊ चित्रे वर चढवून टांगली. पहिल्या चित्राशेजारी मास्तरांनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची मांडली. मंडळी जमू लागली आणि मुनीमजी येऊन हळूच म्हणाले, वाजविणाऱ्यांनी खाली ओट्यावर उभे राहावे, आवाज खिडकीतून येतोच.

मी लगेच म्हणालो, "राहू द्या, मास्तर. आमी जनमभर उभेच वाजवून राह्यलो. जागा सोडू नका."

मास्तर भिंतीकडे वळले. त्यांनी राणीच्या नावेचे चित्र खिळ्यावरून काढले आणि म्हणाले, "महादेवराव, तिकून धरा."

नऊच्या नऊ चित्रे आम्ही जिना उतरून खाली आणली आणि कापसाच्या बाजाराच्या कुंपणाला, धुळीत, ओळीने टेकविली. अहो, मी इतका चिडलो होतो, की ओठावर सॅक्सोफोनची पत्ती ठरेना! कोणाचे भले झाले यात? पण मास्तर चित्राशेजारी उभे राहून माझी वाट पाहत होते, म्हणून मी वाजविले. गाडीवानांनी गाड्या थांबविल्या. कोणी जुवावर, कोणी जमिनीवर बसले. एकाही चित्रापुढून वादन संपायच्या आधी कोणी उठले नाही. शेठजींच्या माडीची खिडकी तेवढी बंद झाली. त्या गर्दीत रिकामी टोपली घेऊन माझे वडीलही उभे होते, हे मला मागाहून कळले. घरी आल्यावर ते म्हणाले, "तुया मास्तरले एकडाव घरी जेवाले बोलाव." बस, एवढेच.

दिवाणखाना गेला तो गेलाच. पुढच्या दोन पावसाळ्यांत वाळवीने राणीची नाव आणि वत्सगुल्माचा दरबार खाल्ला. त्या चौकटी उचलताना मास्तरांच्या हातात माती आली. मी रडलो. म्हटले, हे माझ्यापायी झाले.

"चित्र मी पुन्हा काढीन," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी तुमी ओट्यावर उभे राह्यले असते, त मंग मले तुमाले बसा म्हन्याले तोंड राह्यलं नसतं."

असा माणूस आम्हाला लाभला. त्यांचे विद्यार्थी या गौरवग्रंथात त्यांच्या रेषेविषयी, शिस्तीविषयी लिहितील. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे, सोबती आहे, आणि मला त्यांचा हा हट्टच थोर वाटतो.

मास्तरांच्या साठीचा हा ग्रंथ निघतो आहे असे मी घरी सांगितले, तेव्हा वडिलांनी मला न विचारता मळ्यातली दगडी पायाची कांद्यांची खोली रिकामी करायला घेतली. मी म्हटले, "बावा, कांदे कुठं ठेवसान?" "कांदे कोठीबी राह्यतीन. चित्रायले वाळवी लागून राह्यली ना?" मास्तर बैलगाडीतून आपल्या चित्रांसोबत आले आणि बराच वेळ दारातच उभे राहिले. "दादा, एवढी जागा कायले?" वडिलांनी हात धरून त्यांना आत नेले.

उरलेली सात चित्रे एका भिंतीवर बसली. बाकीच्या तीन भिंती वडिलांनी चुन्याने पांढऱ्या करून कोऱ्या ठेवल्या आहेत. मी दोरी धरून मोजले, त्यांवर आणखी वीस चित्रे मावतात. मास्तरांना एका चित्राला दीड वर्ष लागते, आणि त्यांनी घाई केलेली आम्हाला चालणार नाही. तेव्हा परमेश्वरापाशी आमचे मागणे एवढेच आहे: त्यांचा हात स्थिर राहो, डोळे निरोगी राहोत, आणि यातली एक वीतही जागा रिकामी राहू नये.